चार भिंतींतला तंबू

मास्तरांनी डोंगर कधी पाहिला नव्हता, पण डोंगरावर जाऊन लोक काय काय उद्योग करतात ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. तंबू भाड्यानं देणाऱ्या दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं. पुढे काउंटरवर मालक बसत, गिऱ्हाइकांशी गोड बोलत, पावती फाडत. मागे शिलाई मशीनवर मास्तर. परत आलेला प्रत्येक तंबू त्यांच्या पुढ्यात येऊन पडे आणि तो उलगडला की मास्तरांच्या कपाळावर आठ्या उमटत. कुणी आत बसून जॅम सांडलेला असे. कुणी मेणबत्ती लावून छताला भोक पाडलेलं असे. कुणी ओला तंबू तसाच पिशवीत कोंबून बुरशी पिकवलेली असे. आणि चेन? चेन तर एकाही माणसाला धड लावता येत नसे. "ओढतात, नुसती ओढतात," मास्तर म्हणायचे. "बापजन्मात पँट घातली नाही का यांनी?"

सुट्टीला तंबूत जाऊन झोपणाऱ्या जमातीबद्दल त्यांचं मत त्यामुळे फार वाईट होतं आणि कुणी विचारलं नाही तरी ते ऐकवायला ते तयार असत. घरी बरा पलंग असताना दगडावर पाठ टेकायची, डास चावून घ्यायचे, आंघोळीला मुकायचं, आणि वर त्याचे पैसे मोजायचे, हे त्यांच्या डोक्यात शिरत नसे.

तंबू दुरुस्त करायचा तर आधी तो उभा करायला हवा, हा मास्तरांचा हट्ट. जमिनीवर पसरलेल्या कापडात भोक दिसतं, पण शिवण कुठे ताण खाते ते ताणल्याशिवाय कळत नाही. दुकानातले तंबू जुन्या धर्तीचे, जाड कापडाचे, दोन खांबांचे. दोऱ्या ताणल्या तरच उभे राहणारे. मास्तर एक दोरी शिलाई मशीनच्या पायाला बांधत, दुसरी खिडकीच्या गजाला, तिसरी कपाटाच्या कडीला, चौथी भिंतीतल्या हुकाला. बोलता बोलता तंबू उभा. डोळे बांधून उभा करीन, असं ते म्हणत. एकदा मालकांनी खरंच त्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला, तर त्यांनी तेही करून दाखवलं. मग आत शिरून, उताणे पडून, डोक्यावरचा एकेक टाका ते तपासत. त्या खोलीत त्यांना सगळं हाताशी होतं आणि कुणाची कटकट नव्हती.

त्यांच्या बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणत. मशीनचं काम मास्तरांचं, हाताचं काम बाईंचं: ठिगळाच्या कडा दुमडणं, दोरीचे फासे शिवणं, जाळीला जाळी जोडणं. दोघं दुकानाच्या माडीवरच दोन खोल्यांत राहत. मुलगी लग्न होऊन लांब गेली होती, रविवारी फोन करायची. उरलेला आठवडा बाईंचा झाडण्यात जाई. कारण तंबू झटकला की त्यातून काय पडेल त्याचा नेम नसे. सुईसारखी वाळकी पानं, लाल माती, चुरा झालेली रानफुलं, पिसं, एकदा तर एक धडधाकट बेडूक. "दुसऱ्यांच्या डोंगराची माती भरण्यात माझा जन्म चालला," बाई सुपली आपटून म्हणायच्या. "ती येते कुठून ते एकदा बघू तरी द्या." मास्तर मशीनवरून मान वर न करता म्हणत, "दुरून डोंगर साजरे." आणि मशीन चालू करत. त्या आवाजात पुढचं बोलणं ऐकू येत नसे, हा मशीनचा मोठा फायदा होता.

पण मग मालकांचे गुडघे गेले आणि गिऱ्हाइकंही गेली. लोक स्वस्तातला तंबू विकत घेतात, एकदा वापरतात आणि फेकून देतात. ठिगळ लावायचे दिवस संपले. मालकांनी दुकान विकायला काढलं. दुकानाबरोबर मागची खोली जाणार होती आणि वरची माडीही.

दोन वाटा उरल्या. पहिली वाट मेहुण्याची. बाईंचा धाकटा भाऊ औषधांचं दुकान चालवायचा आणि त्याच्या घरी एक खोली रिकामी होती. "भावोजी, संकोच करू नका," तो म्हणाला. "सकाळी जरा काउंटरवर बसायचं. गोळ्या मी देईन, तुम्ही नुसत्या पिशवीत घाला." मास्तरांनी ते ऐकलं आणि जेवणावरून उठले. मेहुण्याला सगळ्यातलं सगळं कळत असे आणि ते तो आवाज न चढवता समजावून सांगत असे, त्यामुळे त्याच्यावर धड ओरडताही येत नसे. त्याच्या घरात उरलेला जन्म काढायचा, तर रोज सकाळी पाणी कसं प्यावं यावर प्रवचन ऐकावं लागणार होतं.

दुसरी वाट मालकांनी काढली. डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात त्यांच्या ओळखीच्या एक मॅडम कॅम्पचं काम बघायच्या. उद्यानानं आता स्वतःचेच तंबू घेतले होते, मालकांकडे होते तसलेच, जाड कापडाचे, आणि ते सांभाळायला तिथेच राहणारा माणूस हवा होता. राहायला दोन खोल्या मिळणार होत्या. मालकांनी शब्द टाकला होता. मॅडमनी सांगितलं होतं, "दोन दिवस येऊन राहा. तुम्ही जागा बघा, मी तुमचं काम बघते."

बाईंनी त्या दिवसापासून धरलेला ध्यास लपवला नाही. त्यांनी मुलीला फोन केला, शेजारणीला सांगितलं, जाड मोजे घेतले. मास्तर हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. त्यांना दोन्ही वाटा नको होत्या. त्यांना ती मागची खोली हवी होती आणि ती मिळणार नव्हती, म्हणून ते सगळ्या जगावर चिडले होते.

निघायच्या दिवशी पहिलं भांडण तंबूवरून झालं. सोबत येणाऱ्या मेहुण्यानं स्वतःचा छत्रीसारखा उघडणारा तंबू आणला होता आणि भावोजींनी तोच वापरावा असा त्याचा आग्रह होता. मास्तरांना तो तंबू नुसता बघूनच कसंतरी झालं. "हा तंबू आहे की टोपी?" ते म्हणाले. त्यांनी मागच्या खोलीतला आपला सगळ्यात चांगला तंबू काढला. कुणीतरी टाकून दिलेला तो तंबू त्यांनी दोन हिवाळे खपून नवा केला होता. प्रत्येक शिवण उसवून पुन्हा घातलेली, नवे फासे, नवी चेन, ती तर लोण्यातून सुरी फिरावी तशी चालायची. मॅडमना आपण काय चीज आहोत ते कळावं म्हणून त्यांनी तो घेतला. कापड, खांब, दोऱ्या सगळं नीट घडी घालून पिशवीत भरलं आणि पिशवीला कुणाला हात लावू दिला नाही.

गाडीत मेहुण्यानं उंचीवर श्वास कसा घ्यावा ते सांगितलं. वळणावर डोळे कुठे ठेवावेत ते सांगितलं. मळमळलं तर कोणती गोळी, आणि मळमळलं नाही तरी कोणती गोळी, तेही सांगितलं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. डोंगर दिसायला लागले तेव्हा बाईंनी त्यांचा हात दाबला, तर ते म्हणाले, "पुढे नीट बघायला सांग त्याला." गाडी तोच चालवत होता.

गाडी खाली लावून पुढे पायवाट होती. कॅम्पपर्यंत चढ. मास्तर आयुष्यात माडीच्या जिन्यापलीकडे काही चढले नव्हते आणि आता पाठीवर जाड कापडाचा तंबू होता. नवे बूट पहिल्याच वळणावर चावायला लागले. "भावोजी, नाकानं श्वास," मेहुणा मागून म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "भावोजी, पाऊल छोटं टाका." मग म्हणाला, "भावोजी, तंबू माझ्याकडे द्या." मास्तर प्रत्येक वाक्याला तळपायापासून मस्तकापर्यंत पेटत होते आणि बोलायला दम उरला नव्हता, हे त्यांचं खरं दुःख होतं.

त्यात समोरून एक जोडपं उतरत आलं. नवऱ्याच्या पाठीवर दुकानाचाच तंबू होता, ओला, उलटा बांधलेला, आणि चेनीतून कापडाचं एक टोक बाहेर लोंबत होतं. मास्तर वाटेतच थांबले. "अहो, ही चेन," ते धापा टाकत म्हणाले, "ही चेन आधी सरळ करा." त्या माणसाला वाटलं म्हाताऱ्याला काहीतरी होतंय. त्यानं पाण्याची बाटली पुढे केली. मास्तर पाणी प्यायले नाहीत, त्यांनी त्याला पाठमोरं फिरवलं, कापड आत सारलं, चेन नीट लावली आणि दुरुस्त तंबू परत केल्यासारखं त्याला पुढे ढकललं. त्या जोडप्यानं खाली जाईपर्यंत तीनदा वळून पाहिलं. बाई एवढ्या हसल्या की त्यांना दगडावर बसावं लागलं. मास्तरांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

कॅम्प म्हणजे झाडांच्या मधली मोकळी जागा. गवत, गोटे, एका कडेला नळ आणि लाकडी ऑफिस, त्याच्या मागे त्या दोन खोल्या. मॅडम पुढे आल्या. खाकी टोपी, उन्हानं रापलेला चेहरा, हातात कपांची थाळी.

"तुम्हीच मास्तर? मालक सांगत होते, डोळे बांधून तंबू लावता म्हणे."

"लावतो," मास्तर म्हणाले. दिवसभरातला हा पहिला बरा क्षण होता.

"मग डोळे उघडे ठेवून लावा. मी तुमच्यासाठी चहा करते, मग बघते."

मेहुण्याचा तंबू तोवर फट् करून उघडून उभाही राहिला होता. मास्तरांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी कापड पसरलं, खांब जोडले, बाईंना एक खांब धरायला लावला, दुसरा मेहुण्याला. हात सराईतपणे चालत होते. मग त्यांनी पहिली दोरी उचलली, ती ताणत मागे गेले, आणि वळून हात पुढे केला.

हात हवेतच राहिला. तिथे मशीनचा पाय नव्हता. खिडकीचा गज नव्हता, कपाट नव्हतं, भिंत तर नव्हतीच. नुसतं गवत होतं आणि त्याच्या पलीकडे उतार, आणि उतारापलीकडे केवढं तरी आकाश. मास्तर दोरी हातात धरून एकदा डावीकडे वळले, एकदा उजवीकडे.

"भावोजी," मेहुण्यानं विचारलं, "खुंट्या कुठे आहेत?"

खुंट्या दुकानात होत्या. पुढच्या काउंटरखाली एका पत्र्याच्या डब्यात. गिऱ्हाइकं त्या हरवतात म्हणून मालक त्या स्वतःकडे ठेवत, तंबू नेताना मोजून देत, परत आणताना मोजून घेत. मागच्या खोलीत खुंटी कधी आलीच नव्हती. तंबूला खुंट्या लागतात हे मास्तरांना माहीत नव्हतं असं नाही; त्यांनीच तर हजारो फासे त्यासाठी शिवून घेतले होते. पण ते फासे जमिनीत जाणाऱ्या कशात तरी अडकवायचे असतात, ही गोष्ट त्यांच्या हाताला कधी कळलीच नव्हती. एवढ्या वर्षांत त्यांनी एकही तंबू मातीवर लावला नव्हता.

"आत्ता आणतो," ते म्हणाले. कुठून, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

त्याच वेळी वारा सुटला. कापड फुगलं, मेहुण्याच्या हातातला खांब कलला, मास्तरांचा दोन हिवाळ्यांचा तंबू उतारावर सरकायला लागला. "धरा," बाई ओरडल्या आणि कुणी धरायच्या आत स्वतःच वाकून आत शिरल्या आणि मधोमध बसल्या. "लावा तुम्ही. मी बसलेय."

मॅडम चहा घेऊन आल्या तेव्हाचं दृश्य असं होतं: आत वजन म्हणून मास्तरीणबाई, एका बाजूला दोरी कमरेला गुंडाळून औषधांचे दुकानदार, दुसऱ्या बाजूला दोरी ओढत, लालबुंद, डोळे बांधून तंबू लावणारे मास्तर. मॅडमनी चहा खाली ठेवला. हसू आवरायला त्यांना बराच त्रास झाला असावा. त्या ऑफिसात गेल्या आणि लोखंडी खुंट्या आणि हातोडी घेऊन आल्या.

इथे सगळं निभावलं असतं, पण खुंटी ठोकणंही मास्तरांनी कधी केलं नव्हतं. त्यांनी ती सरळ उभी धरली, भिंतीत खिळा मारावा तशी, आणि ठोकली. दोरी ताणताच ती उपटून आली. दुसरी गोट्यावर आपटून वाकली. तिसरीनं त्यांच्या अंगठ्याचा बळी घेतला. "इथली जमीनच खराब आहे," मास्तर म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं, हे मेहुण्यानं तोंडानं म्हटलं नाही, पण त्याच्या तोंडावर ते स्पष्ट लिहिलेलं होतं. "तिरकी मारायची, भावोजी," तो शांतपणे म्हणाला. "तंबूपासून डोकं लांब, टोक तंबूकडे. द्या, मी दाखवतो."

मास्तरांनी हातोडी टाकली आणि खुंट्यांवरचा राग तंबूतल्या बाईंवर काढला. "तुलाच यायचं होतं ना इथे? ये म्हणालो होतो मी? बघ आता डोंगर. पोटभर बघ."

मॅडम कप गोळा करायला लागल्या. मेहुण्यानं सगळ्या खुंट्या ठोकल्या, तिरक्या, आणि पहिल्यांदाच काही समजावून सांगितलं नाही. बाई बाहेर आल्या त्या सरळ नळावर गेल्या आणि स्वच्छ असलेले हात पुष्कळ वेळ धूत राहिल्या.

मॅडम जाताना म्हणाल्या, "तुमची शिवण फार चांगली आहे, मास्तर." एवढंच म्हणाल्या. मास्तरांना त्यातलं न बोललेलं बरोबर ऐकू आलं.

सकाळी तळ्यापर्यंत जायचं ठरलेलं होतं. कॅम्पच्या वर खिंड आणि खिंडीच्या पलीकडे तळं. मास्तरांची पाठ एका बाजूनं धरली होती, अंगठा सुजला होता, टाचांना फोड आले होते. जायची गरज नव्हती, पण मागे राहिलं असतं तर मॅडमसमोर बसावं लागलं असतं. शिवाय त्यांना बायकोशी बोलायचं होतं. नोकरीचं काही खरं नव्हतं. मेहुण्याच्या घरी जायचं, गोळ्या पिशवीत घालायच्या, विषय संपला, असं तिला सांगून टाकायचं त्यांनी ठरवलं होतं.

पण सांगायला ती हाताशी लागेल तर ना. बाजारापलीकडे कधी न चालणारी ही बाई त्या चढावर सगळ्यांच्या पुढे गेली होती. साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायात मुलीचे जुने बूट, हातात मोडक्या फांदीची काठी. मागे वळून बघायचं नाव नाही. मास्तर फरफटत होते. "भावोजी, टाचेला पट्टी लावू?" मेहुण्यानं विचारलं. मास्तर नको म्हणाले, पुढच्या वळणावर बसले, आणि मुकाट्यानं बूट काढून पाय पुढे केला. मेहुण्यानं पट्टी लावली. ती त्यानं चांगली लावली, हे मान्य करायला मास्तरांना फार जड गेलं.

खिंडीत वारा होता. बाई कडेला उभ्या होत्या. खाली तळं होतं, त्याच्या काठाला लाल माती आणि सुईसारख्या पानांची झाडं, आणि त्यापलीकडे एकामागे एक डोंगर. मास्तर धापा टाकत शेजारी जाऊन उभे राहिले आणि ठरवलेलं बोलायला त्यांनी तोंड उघडलं. मग त्यांनी बायकोचा चेहरा पाहिला. ती सुखात होती. इतकी, की मास्तरांना एकदम अवघडल्यासारखं झालं. दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं. ही बाई अशी दिसते, हे ते विसरून गेले होते.

"काही सांगू नका," बाई समोर बघतच म्हणाल्या. "मला कळलंय. तुम्हाला नाही जमायचं इथे. आपण जाऊ धाकट्याकडे. मी बघून घेतलं, माझं झालं."

त्या चिडून बोलल्या असत्या तर मास्तरांना उत्तर देता आलं असतं. भांडणाला त्यांची कधीच ना नसे. पण त्या चिडल्या नव्हत्या. सुपलीतली माती टाकून द्यावी तसं त्यांनी स्वतःचं हवंसं सगळं बाजूला टाकलं होतं आणि पुन्हा तळ्याकडे बघायला लागल्या होत्या, जेवढं मिळतंय तेवढं डोळ्यांत भरून घ्यायला. मास्तरांना ते बघवलं नाही आणि सवयीनं त्यांना त्याचाही रागच आला.

"नाही जमायचं असं कोण म्हणालं?" ते म्हणाले.

"काल कोण म्हणत होतं?"

"काल काल होतं." ते वळले आणि खाली उतरायला लागले. मेहुणा नुकताच वर पोचून डबा उघडत होता. मास्तरांनी त्याच्या हातातलं उकडलेलं अंडं काढून डब्यात परत ठेवलं. "चल," ते म्हणाले. "खाली काम आहे."

मॅडम ऑफिसच्या पायरीवर दोऱ्या गुंडाळत बसल्या होत्या. मास्तर पुढे जाऊन उभे राहिले. आयुष्यात त्यांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. मालकांनी बोलावलं म्हणून ते दुकानात गेले होते, सासऱ्यांनी विचारलं म्हणून लग्न झालं होतं. मागायचं कसं, ते त्यांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यांचा आवाज भांडल्यासारखा निघाला.

"तुम्ही मला नाही म्हणणार आहात का?"

मॅडमनी दोरी खाली ठेवली. "खरं सांगू? हो. रागावू नका, मास्तर. शिवायचं काम शहरात पाठवूनही करून घेता येतं. इथे रोज संध्याकाळी वारा असतो. मला वाऱ्यात तंबू लावणारा माणूस हवा."

"ते मी शिकेन."

"कुणाकडून? मला वेळ नाही."

मागे मेहुणा उभा होता, एक गोळी चघळत, कानावर काही पडत नसल्यासारखा झाडांकडे बघत. त्याच्याही मागे, पायवाटेच्या शेवटच्या वळणावर, बाई घाईघाईनं उतरताना दिसत होत्या. मास्तरांनी एकदा त्या वळणाकडे पाहिलं, एकदा मेहुण्याकडे. जगात इतकी माणसं असताना.

"हा शिकवेल," ते म्हणाले. मग त्याच्याकडे वळून, जमिनीकडे बघत, "शिकव मला."

मेहुण्याची गोळी घशात अडकली. तो पुष्कळ खोकला.

त्या दुपारी कॅम्पवर ज्यानं त्यानं आपलं काम सोडून ते बघितलं. मास्तर गुडघ्यांवर बसून खुंट्या ठोकत होते. "तिरकी, भावोजी." "दिसतंय मला." "अजून तिरकी." "अजून तिरकी केली तर आडवी होईल ना." "भावोजी, दगड लागला की ओढून काढायची, दुसरीकडे मारायची." "आणि हे आधी सांगता आलं नाही तुला?" मेहुणा जितका शांत तितके मास्तर पेटत होते, तरी हातोडी त्यांनी टाकली नाही. तंबू उभा केला, पाडला, पुन्हा उभा केला. मऊ मातीत लांब खुंटी, मुरमात आखूड. वारा येतो त्या बाजूची दोरी आधी. शिवणीसारखंच होतं हे, ताण कुठून येतो ते आधी बघायचं, पण ते कळूनही हात ऐकत नव्हता. बाई आल्या आणि लांब एका ओंडक्यावर बसून बघत राहिल्या.

वारा सुटायच्या वेळेला मॅडम आल्या. त्यांनी एकेक दोरी धरून जोरात ओढली. पहिली खुंटी निघून आली. मास्तरांनी डोळे मिटले. दुसरी राहिली. तिसरी हलली, पण राहिली. बाकीच्या जागच्या हलल्या नाहीत. वाऱ्यात तंबू फुगला, कुरकुरला आणि उभा राहिला.

"एक निघाली," मॅडम म्हणाल्या.

"एक निघाली," मास्तर म्हणाले. ते खोटं बोलणार नव्हते.

मॅडमनी शेवटची दोरी पुन्हा एकदा ओढून पाहिली. "एक हंगाम बघते. त्यात जमलं तर राहा. नाही जमलं तर मला दुसरा माणूस शोधावा लागेल. चालेल?"

हो म्हणायचं होतं, तेवढंच. पण मास्तर उठून उभे राहिले, हाताची माती पँटला पुसली आणि म्हणाले, "एक सांगतो, मॅडम. नाही जमलं तर मला काढा. पण हिला ठेवा. त्या तंबूची तुम्ही तारीफ केलीत ना, त्यातले फासे आणि कडा सगळ्या हिच्या हातच्या आहेत. माझ्यापेक्षा तिचा हात चांगला आहे. तिला इथे राहायचंय. मी राहीन याच्याकडे, गोळ्या घालीन पिशवीत."



बाई ओंडक्यावरून उठल्या. डोळे भरून आले होते आणि त्यामुळे त्या आणखीच संतापल्या होत्या. "वा," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही तिकडे गेलात, तर मी इथे बसून चिडू कुणावर?" मग पदरानं नाक पुसून त्या खाली वाकल्या, निघून आलेली खुंटी उचलली आणि मास्तरांच्या हातात दिली. "ही मारा आधी नीट. तिरकी."